भोंगा वाजला होता

"माझा फोन आला की गॅसवर काहीही असो, तसंच टाकून उठायचं. आणि फोन आला नाही, तर जग काहीही म्हणो, उगाच धावपळ करायची नाही. कळलं ना, वहिनी?"

नणंदेचं हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. एक पाय उंबऱ्याबाहेर, खांद्याला डब्याची पिशवी, अशी ती ते म्हणायची आणि कामाला जायची. टेकडीवर प्रादेशिक हवामान केंद्र आहे, तिथे ती पुराचा अंदाज काढते. वरच्या डोंगरांत किती पाऊस झाला, तिकडच्या उपनद्या किती भरल्या, ते पाणी आमच्या पुलापाशी केव्हा पोचेल आणि किती चढेल, हे सांगणं तिचं काम. आणि आम्ही राहतो नदीकाठच्या गल्लीत, शेवटच्या घरात.

"घरातच डॉक्टर असल्यावर दवाखान्याची पाटी कशाला वाचायची?" असं सासूबाई म्हणायच्या.

गल्लीचंही तेच होतं. तिथे नणंदेला सगळे ढगताई म्हणत. मोबाईलवर लाल अक्षरांतला संदेश आला की माणसं तो वाचायची आणि मग मान वर करून आमच्या घराकडे बघायची. आमची स्कूटर चढावर नेऊन लावली की मागोमाग सगळ्यांच्या स्कूटर निघायच्या. समोरचे शिंपीकाका तर उघडच सांगायचे.

"बातम्यांत आख्ख्या प्रदेशाचं सांगतात हो, वहिनी. आता आख्ख्या प्रदेशात माझं दुकान कुठे हुडकायचं? त्यापेक्षा तुमची दोरी बरी. दोरीवरचे कपडे आत गेले की मी मशीनवर प्लास्टिक टाकतो."

"आणि मी वाळले म्हणून नेले असले तर?"

"तर धूळ बसायची वाचली!"

आतून काकूंचा आवाज यायचा, "मशीनवर टाका, कापडावर टाका, बायको राहू दे उघड्यावर."

काकांचं एकमजली घर, पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. आमचं घर दुमजली. वरच्या मजल्याची खिडकी गल्लीवर उघडते आणि त्या खिडकीत रोज तिन्हीसांजेला मी दिवा लावते. लग्नाच्या आधीपासूनचा माझा हा नेम. दिवा लावायचा, हात जोडायचे, दृष्टीस पडणाऱ्या प्रत्येक घरासाठी देवाकडे काहीतरी मागायचं. मग तेल संपून तो आपला आपण शांत होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. फुंकर घालून तर नाहीच. आजारपणात, बाळंतपणात, कधी हा नेम मोडला नव्हता.

त्या दिवशी ऊन होतं. हे मी आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते आठवताना अजूनही पहिल्यांदा ते ऊनच डोळ्यांसमोर येतं. आठवडाभर इथे नुसती भुरभुर होती आणि त्या दिवशी दुपारी तीही थांबून पिवळं, धुतल्यासारखं ऊन पडलं. गल्लीभर गाद्या-उशा बाहेर आल्या. पाऊस होता तो वरच्या डोंगरांत. ढगताई आदल्या दिवसापासून केंद्रावरच होती.

दुपारी मोबाईल किंचाळला. सगळ्यांचे एकदम. संदेश होता: नदीकाठच्या सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे.

काका चष्मा कपाळावर सरकवून दुकानाच्या पायरीवर आले. "वहिनी, आपण सखल आहोत का हो?"

"मला काय माहीत, काका!"

"मला तर कधी वाटलं नाही बुवा. पंक्चरवाल्याचं दुकान आहे जरा सखल." मग त्यांनी पुन्हा वाचलं. "आणि सतर्क म्हणजे? बसून राहायचं सतर्क, की उभं राहून?"

गल्ली हसली. मीही हसले. पंक्चरवाला म्हणाला, "मी सखल तर तुम्ही कोण, पर्वत?" पुन्हा हसू. लाल संदेश त्या पावसाळ्यात आधीही आले होते, दोनदा. दोन्ही वेळा पाणी दुसऱ्याच तालुक्यात चढलं होतं.

थोड्या वेळाने भोंगा वाजला. पुलापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर तो नवाच बसवला होता. लांबलचक, रडवा आवाज. एकदा थांबून पुन्हा वाजला. त्या आवाजाने हे दुकानातून घरी आले. ह्यांचं औषधांचं दुकान बाजारात आहे, शटर अर्धं ओढूनच आले होते.

"आई, काय करायचं?"

सासूबाई कांदा चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "तिचा फोन आलाय?"

"नाही."

"मग?"

"भोंगा वाजतोय, आई."

"भोंगा सगळ्यांसाठी असतो. आपल्याला ती स्वतः सांगते. गेल्या खेपेला नाही का, बातम्यांच्या आधी सांगितलं होतं?"

हे खरं होतं. गेल्या वर्षी तिचा फोन आला, आम्ही निघालो, आमच्यामागे गल्ली निघाली आणि पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन परतलं. ह्यांनी तरी तिला फोन लावून पाहिला. लागेना, सारखा गुंतलेला.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्यांशीच बोलतेय. आपल्याला धोका असता तर आधी आपल्याला लावला असता. पोटची पोर आहे माझी."

ह्यांनी खांदे पाडले. गल्लीत डोकावून पाहिलं तर सगळ्यांच्या नजरा आमच्या दाराकडे. कुणीतरी विचारलं, "काय म्हणते ढगताई?" हे म्हणाले, "अजून काही नाही." खोटं नव्हतं ते. एवढे तीन शब्द ऐकले आणि माणसं गाद्या उचलून आपापल्या घरात गेली. गाठोडी बांधायला कुणीही घेतली नाहीत.

तिन्हीसांज झाली तशी मी दिवा लावला. हात जोडले. समोर काका कुणाच्या तरी मुलीचा लग्नाचा पोशाख हातशिलाईने पुरा करत होते. सोनेरी काठ दिव्याच्या उजेडात चमकत होता. मी त्यांच्या घरासाठी मागितलं, पंक्चरवाल्यासाठी मागितलं. खाली आले तर मोरीतून गुडगुड आवाज येत होता.

पाणी नदीच्या बाजूने येईल म्हणून आम्ही सगळे नदीकडे तोंड करून राहणारी माणसं. ते आलं मागून, नाल्यातून, गटारांच्या जाळ्यांतून. नदी इतकी फुगली होती की नाल्याला पुढे वाट मिळेना, तो उलटा फिरला. मोरीची जाळी उडाली. काळं पाणी घरात पसरलं ते आधी हळू, जमीन पुसल्यासारखं. मग मी मीठ-साखरेचे डबे वर ठेवेपर्यंत घोट्यावर, आणि सासूबाईंना हात देऊन उठवेपर्यंत गुडघ्यावर. हे आईला पाठीवर घेऊन जिना चढले. सासूबाईंचा एकच घोष चालला होता, "फोन आला का रे? बघ ना, आला का?"

गल्लीत आरडाओरडा सुरू झाला. ज्यांना वर मजले होते ते वर गेले, ज्यांना नव्हते ते शेजाऱ्यांकडे. काकू कमरेएवढ्या पाण्यातून आमच्या जिन्यापाशी आल्या, ह्यांनी त्यांना ओढून घेतलं. "हे येतायत मागून," त्या म्हणाल्या. "कापड वर ठेवतायत. लोकांचं कापड आहे, म्हणाले, तू हो पुढे, मी आलोच."

ह्यांनी कपड्यांची दोरी सोडून कमरेला बांधली आणि उतरले. दुकानाचं दार आत उघडणारं. आत तरंगती कपाटं दाराला येऊन अडकलेली, दार हललं नाही. हे हाका मारत राहिले. आधी आतून ओ आली. मग दिवे गेले. पुढची ओ आली नाही. आमच्याकडे वर आलेल्या पंक्चरवाल्याने आणि मी मिळून ह्यांना दोरीने मागे ओढलं, नाहीतर तेही गेले असते.

रात्र गच्चीवर काढली. सकाळी होड्या आल्या.

शाळेच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या होत्या. कुणी रडत नव्हतं. दातखीळ बसावी तशी माणसं बसली होती, अंगावर दुसऱ्यांचे कपडे, हातात कागदी पेले. काकू भिंतीला टेकून माझ्याजवळ. त्यांच्या हाताच्या मुठीत अंगठीसारखी काकांची बोटातली पितळी टोपी होती, सुई टोचू नये म्हणून घालतात ती. काकू घरातून निघताना काकांनी ती त्यांच्या हातात का दिली असेल, कोण जाणे.

ढगताई दारातून आत आली. कपडे चुरगळलेले, डोळे सुजलेले. आम्हाला पाहून ती आनंदाने धावत येईल असं मला वाटलं होतं. ती जागच्या जागी थिजली.

"तुम्ही इथे कसे?" ती म्हणाली. "होडीतून आलात? म्हणजे... तुम्ही निघाला नव्हता?"

सासूबाईंनी वर पाहिलं. "तुझा फोन कुठे आला?"

"फोन?"

"तूच म्हणतेस ना, फोन आला नाही तर हलायचं नाही!"

"आई, भोंगा वाजला होता." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "दोनदा वाजला होता. तो वाजवा म्हणून मीच सांगितलं होतं. मी खिडकीतून ऐकला तो. मला वाटलं, झालं, आता आपले लोक निघाले असतील."

मग एकेक गोष्ट तिच्या तोंडून तुटक तुटक बाहेर आली. गेल्या वर्षी आमची गल्ली बातमीच्या आधी निघाली म्हणून बाकीच्या वस्त्यांनी केंद्रावर आरडाओरडा केला होता, हवामानवाल्यांच्या घरचे तेवढे जगणार का म्हणून. तेव्हापासून जाहीर सूचना निघण्याआधी घरी फोन करायला तिथे बंदी होती. तिलाही ते पटलं होतं; उंबऱ्यावरचं ते वाक्य मात्र सवयीने तोंडात राहिलं होतं. आणि सूचना निघाल्यावर घरी वेगळा फोन करावा, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. धरणवाले, पोलीस, बोटींची माणसं, सगळ्यांचे फोन ती घेत होती.

"आख्ख्या गावाला सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "तुम्ही त्या गावातच नव्हता का गं, वहिनी?"

इतकी वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. सूचना म्हणजेच आपला फोन, असं ती समजत होती. फोन नाही म्हणजे सूचना आपली नाही, असं आम्ही. हे एकदाही बोलणं झालं नव्हतं. माझ्या पायाखालची जमीन पुन्हा एकदा सरकली, आणि या खेपेला कोरड्यात.

तेवढ्यात काकू बोलल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"भोंगा वाजला तेव्हा मी ह्यांचा हात धरला होता. चला म्हटलं. तर म्हणाले, थांब, अंधार पडू दे, बघू. मग तुमचा दिवा लागला. तर म्हणाले, बघ, वहिनींनी दिवा लावला. जायचं असतं तर लावला असता का?"

त्यांच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. कुणी वेळ सांगावी तसं सांगितलं त्यांनी.

पाणी ओसरल्यावर काका दुकानातच मिळाले. लग्नाचा पोशाख सगळ्यात वरच्या फळीवर होता, प्लास्टिकमध्ये, कोरडा.

घर धुतलं, चिखल काढला, भिंती खरवडल्या. तिन्हीसांज झाली की मी खिडकीपाशी जायची आणि तशीच परत फिरायची. दिवा लावण्याची माझी छाती होत नव्हती. सासूबाई जेवता जेवता थांबायच्या आणि म्हणायच्या, "मी कांदा चिरत होते." एवढंच. ढगताई कामावर जायची, पण उंबऱ्यावर थांबून ते वाक्य म्हणायची बंद झाली. रात्रीअपरात्री उठून बसायची. मी पाठीवर हात ठेवला की म्हणायची, "आकडा बरोबर होता गं, वहिनी. तेच तर."

केंद्राचे मोठे साहेब गल्लीत आले. पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर खुर्च्या मांडल्या. साहेब भले गृहस्थ होते, पायात चिखलाचे बूट घालूनच आले होते. त्यांनी नकाशा दाखवला, पाऊस, नदी, नाला. म्हणाले, "मी खात्रीने सांगतो, आमचा अंदाज वीतभरसुद्धा चुकला नव्हता."

"मग माणूस कसा गेला?" काकूंनी विचारलं.

साहेबांना नकाशाची घडी घालायचंही सुचेना. ढगताई त्यांच्या मागे उभी होती, ती पुढे आली. खुर्चीवर न बसता काकूंच्या पायाशी पायरीवर बसली.

"काकू, त्या दिवशी तुम्हाला काय ऐकू आलं असतं तर तुम्ही निघाला असता?"

काकूंनी विचार केला. "सखल म्हणू नका. गल्लीचं नाव घ्या. पाणी मोरीतून येणार म्हणा. दुकानातल्या कोणत्या फळीपर्यंत येणार ते म्हणा, म्हणजे ह्यांनी कापड वाचवायचा नादच सोडला असता. आणि कुणीतरी दारात येऊन म्हणायला हवं होतं, काकू, उठा. भोंग्याला ओ देता येत नाही गं. दारातल्या माणसाला द्यावी लागते."

साहेब ते उभ्या उभ्या लिहून घेत होते. ढगताई लिहीत नव्हती, नुसती ऐकत होती.

त्यातून पुढे पुष्कळ झालं. सूचनेत गल्ल्यांची नावं आली. भिंतींवर पाण्याच्या खुणा रंगवल्या, नाल्याकडच्या भिंतींवर आधी. गल्लीगल्लीत दोघं नेमली. त्यांनी प्रत्येक दार वाजवायचं, आतून ओ येईपर्यंत हलायचं नाही आणि मग केंद्राला कळवायचं, गल्ली निघाली. तोवर केंद्राने सूचना दिली असं समजायचंच नाही, हे ढगताईने भांडून लिहवून घेतलं. आमच्या गल्लीत पंक्चरवाला आणि मी. तो म्हणाला, "मी सखल माणूस, मला आधी कळणारच."

साहेब आले होते त्या दिवशी, सभा उठल्यावर काकूंनी मला हाताने जवळ बोलावलं.

"खिडकी अंधारी का असते गं हल्ली?"

"कशी लावू, काकू?"

"लाव. तो दिसला की मला समोर कुणीतरी आहे असं वाटतं. ह्यांनाही वाटायचं. पण जायची वेळ येईल ना, त्या दिवशी तो विझव. हाताने. गल्लीला सवय आहे तुमच्या घराकडे बघायची, ती काही सुटायची नाही."

"विझवीन," मी म्हटलं. "आणि पहिली तुमच्या दारात येईन. शब्द देते."

त्या रात्री मी देवाला सांगितलं की माझ्या नेमात एवढा बदल करून घे. त्याने ऐकलं असावं. मन शांत झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी दिवा लावला.

पुढच्या पावसाळ्यात बरेच दिवस काही झालं नाही. मग एक दिवस असाच, ढगांच्या फटीतून ऊन पडलेला. संध्याकाळी मी दिवा लावून हात जोडले आणि डोळे उघडते तोच मोबाईल किंचाळला. आमच्या गल्लीचं नाव होतं. पाणी नाल्याकडून, मोरीतून, दुकानांच्या दुसऱ्या फळीपर्यंत. आत्ता निघा, शाळेकडे. टाकीवरचा भोंगा सुरू झाला.

खाली सासूबाईंनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. कुणाचा फोन आला का, हे त्यांनी विचारलं नाही. त्या चपला शोधत होत्या.

खिडकीतून पाहिलं. समोर काकू दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या, मशीनवर प्लास्टिक टाकून. त्यांच्यामागे दोन दारं सोडून कुणीतरी, आणखी कुणीतरी. सगळ्यांच्या माना वर, माझ्या खिडकीकडे.

वात अजून नीट पेटत होती, तेलही काठोकाठ होतं. मी मनात म्हटलं, देवा, समजून घे. चिमटीत वात धरली. बोटांना चटका बसला, धुराची एक रेघ वर गेली आणि खिडकी काळी झाली.

मग पदराला बोटं पुसत मी जिना उतरले आणि काकूंचं दार वाजवायला निघाले.